सरफोजीराजे भोसले

तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांचा जन्म १७७७ साली झाला. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली ते गादीवर बसले. परंतु पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व आसपासचा थोडा मुलूख तेवढा उरला.

राज्य गेले, तरी पदरची माणसे होतीच. केवळ वेतन वाटून त्यांना सांभाळता आले असते. पण कामावाचून बसलेला दरबार कुरबुरींचे घर होतो. सरफोजीराजांनी विद्येचा संग्रह व प्रसार हेच दरबाराचे कार्य ठरवले आणि प्रत्येकाला त्यातला नेमका वाटा दिला. चिटणीस बाबूरायांनी लिहिलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर कोरला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी पंडित हस्तलिखिते मिळवीत, लेखनिक नकला उतरवीत. छापखान्यात इसापनीती मराठीत छापली गेली. धन्वंतरी महालात वैद्य औषधांचे गुण पारखीत. नेत्ररोग्यांच्या तर डोळ्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या जात. वैद्य आणि चित्रकार एकाच रोग्यापाशी बसत, ही त्या काळी विरळाच गोष्ट!

१८२० साली राजे काशीयात्रेस निघाले, तेव्हाही ग्रंथसंग्रहाचे काम थांबले नाही. १८३२ साली त्यांचे निधन झाले. नेत्ररोग्यांच्या त्या नोंदी सरस्वती महालात जतन केलेल्या आहेत.