विश्लेषण : ‘बिस’ खांबांमागे गेलेला मायकल रॉकफेलर

न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचा मुलगा मायकल १९६१ मध्ये डच न्यू गिनीत आस्मात लोकांची लाकडी शिल्पे जमवत होता. मोबदल्यात द्यायचा पोलादी कुऱ्हाडी, गळ, तंबाखू. त्याला खरी ओढ होती मृतांच्या स्मरणार्थ कोरलेल्या उंच ‘बिस’ खांबांची. विधी आटोपला की आस्मात ते सॅगो पामच्या बनात कुजायला सोडत. त्यांचे बळ झाडांत उतरावे म्हणून. म्हणजे जे टिकवायचेच नव्हते, तेच हा टिकवायला निघालेला!

नोव्हेंबरमध्ये त्याची नाव समुद्रात उलटली. रिकामे डबे अंगाला बांधून तो किनाऱ्याकडे पोहत निघाला, तो पुन्हा दिसलाच नाही. नावेवर थांबलेला डच सहकारी वाचला. मायकल अवघा २३ वर्षांचा होता. बुडाला की मारला गेला, हा वाद अजून मिटलेला नाही. ते खांब आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, त्याच्याच नावाच्या दालनात उभे आहेत.