गिरणी कामगारांचा पहिला कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुट्टी लोखंड्यांनी मिळवून दिली, हे वाक्य आपण सामान्यज्ञानासाठी पाठ करतो. पण ते जरा सावकाश वाचले पाहिजे. सरकारी कचेऱ्या त्याआधीही रविवारी बंद असत. साहेबाला विश्रांती होती, कारकुनाला होती. नव्हती ती गिरणीत राबणाऱ्या कामगाराला.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. घरच्या परिस्थितीमुळे उच्च शिक्षण घेता आले नाही. रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवी गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे कामगारांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, पगार कधी हाती पडेल याचा नेम नाही, आणि यंत्रात हात सापडला तर संसार उघड्यावर. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांनी ते भारावले होते. कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेल्या 'दीनबंधू' पत्राची धुरा १८८० साली त्यांनी खांद्यावर घेतली.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आली. मोठ्या स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांबद्दल मात्र कायदा मुकाच राहिला. पुढे दुरुस्तीचा वाद पेटला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना इथे कडक कायदा हवा होता, कारण मुंबईचा माल त्यांना जड जात होता. इथले मालक आणि बहुतेक राष्ट्रवादी पत्रे म्हणत, आपला कोवळा धंदा बुडवण्याचा हा डाव आहे. मँचेस्टरचा हेतू शुद्ध नव्हता, हे खरेच. पण म्हणून दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय दुखायचे थांबतात काय? या भांडणात कामगाराला कोणी विचारलेच नव्हते. ते काम लोखंड्यांनी केले.

सरकारने १८८४ साली चौकशी समिती नेमली, तेव्हा त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन. 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'चे ते अध्यक्ष झाले. या संस्थेजवळ ना वर्गणी होती, ना सभासदांची वही. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हतीच. परंतु कामगारांना प्रथमच आवाज मिळाला.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या काळात दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या! अखेर १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांती पक्की झाली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले आणि मुलांचे किमान वय नऊ ठरले. पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला मात्र १९११ साल उजाडावे लागले.

१८९३ च्या हिंदू-मुस्लीम दंग्यानंतर त्यांनी सलोख्यासाठी खटपट केली. मुंबईत प्लेग आला, तेव्हा ते रोग्यांच्या सेवेत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. वय अवघे एकोणपन्नासच्या आसपास.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील कंत्राटदाराकडे रोजंदारीवर जातात. रविवारी ते घरी राहिले, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मला लोखंड्यांचे चरित्र संपलेले वाटत नाही. कामगारांच्या कायद्यांवर चर्चा आजही होतात, परिसंवाद भरतात, आपणही वादविवाद स्पर्धेत तावातावाने बोलतो. त्या चर्चेत खुद्द कामगार कुठे आहे, हा प्रश्न शिकलेल्या माणसाने आधी विचारावा. लोखंडे फार शिकलेले नव्हते, तरी त्यांनी तो विचारला होता.