कुष्ठरोगावर झाडाचं तेल वापरणारे डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचा अर्धवट राहिलेला प्रयोग

पाऊस पडला की धाराशिव जिल्ह्यात बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात गाजर गवत माजतं. खुरपायला गेलेल्या माणसाचे हात आणि मान खाजायला लागते, पुरळ उठतं. काहींना शिंकांनी जीव नकोसा होतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी कडुलिंबाचं तेल लावायला सांगतं, कुणी वाफेत निलगिरी टाकायला. आता त्यात रील्समधल्या लव्हेंडर आणि टी-ट्री तेलांची भर पडली आहे.

झाडाच्या तेलाने आजार बरा होतो का? दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतला एक मराठी डॉक्टर याच प्रश्नाच्या मागे लागला होता. त्याच्यासमोरचा आजार मात्र ॲलर्जीपेक्षा कितीतरी भयंकर होता, कुष्ठरोग. त्या डॉक्टरचं नाव भाऊ दाजी लाड.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं म्युझियम ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे भाऊ दाजी.

कोण होते भाऊ दाजी?

त्यांचं मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातल्या पेडणे भागात 1822 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणीच ते मुंबईत आले. बुद्धिबळातली हुशारी लोकांच्या डोळ्यात भरली आणि इंग्रजी शिक्षणाची वाट मोकळी झाली. तरुणपणी त्यांनी बालहत्येच्या प्रथेविरुद्ध निबंध लिहून बक्षीस मिळवलं.

1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते. त्यांची प्रॅक्टिस जोरात चालली. भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघं गरिबांना मोफत औषध देत.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलींच्या शिक्षणासाठी ते उभे राहिले, 1852 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये काम केलं, अजिंठ्याचे शिलालेख वाचले, जुनी नाणी आणि हस्तलिखितं जमवली. 1869 आणि 1871 असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

जुन्या ग्रंथातून दवाखान्यात

भाऊ दाजींना संस्कृत येत होतं आणि शिक्षण पाश्चात्त्य वैद्यकाचं होतं. त्यामुळे जुन्या वैद्यक ग्रंथांकडे त्यांनी वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यातलं सगळं खरं मानलं नाही आणि सगळं थोतांड म्हणून फेकूनही दिलं नाही. ज्या वनस्पतींचे गुण ग्रंथात सांगितले होते, त्या रुग्णांना देऊन पाहायच्या, असं त्यांनी ठरवलं.

यातूनच ते कडूकवठाकडे वळले. सह्याद्रीच्या पश्चिमेकडे वाढणाऱ्या या झाडाच्या बियांतून तेल निघतं. बंगालकडच्या चौलमुग्र्याचा हा जवळचा भाऊबंद. कुष्ठरोग्याला तेव्हा घरातून, गावातून बाहेर काढलं जायचं, आणि डॉक्टरांकडे खात्रीचं औषध नव्हतं. भाऊ दाजींच्या उपचारांनी काही रुग्णांना फरक पडतोय, ही बातमी पसरली आणि रुग्ण येऊ लागले.

पण औषध नेमकं कोणतं, हे त्यांनी गुप्त ठेवलं. त्यावरून टीकाही झाली. औषध उघड केल्याशिवाय दुसरा डॉक्टर ते तपासणार कसं?

दरम्यान कापसाच्या तेजीनंतर 1865 मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला. त्यात भाऊ दाजींचंही मोठं नुकसान झालं. पुढे तब्येत ढासळली. 31 मे 1874 रोजी ते गेले. प्रयोगांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध करायचं राहूनच गेलं.

तेलाचं पुढे काय झालं?

भाऊ दाजींच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, 1873 मध्ये, नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता. हे तेल पोटात घेतलं की मळमळायचं आणि टोचलं तर ते घट्ट असल्याने नीट शोषलं जायचं नाही. 1915 च्या सुमारास हवाईमधल्या ॲलिस बॉल या तरुण संशोधिकेने त्यातल्या आम्लांपासून टोचता येईल असं औषध बनवलं. 1940 च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली आणि तेल मागे पडलं. आज कुष्ठरोग अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो.

मग ॲलर्जीवर तेल लावायचं का?

इथे एक फरक समजून घ्या. कडूकवठाचं तेल बिया दाबून काढतात. लव्हेंडर, निलगिरी, गवती चहा यांची सुगंधी तेलं वाफेच्या मदतीने काढतात, आणि ती खूप तीव्र असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत लव्हेंडरच्या तेलाने ॲलर्जीची प्रतिक्रिया कमी झाल्याचं दिसलं आहे. पण उंदरात दिसलेला गुण म्हणजे माणसासाठी औषध नव्हे. उलट या तेलांतले लिनालूल, लिमोनिन असे घटक हवा लागून बदलतात आणि त्यांचीच काही जणांना ॲलर्जी होते. म्हणजे खाज थांबवायला लावलेल्या तेलानेच पुरळ वाढू शकतं.

त्यामुळे सुगंधी तेल थेट त्वचेवर चोळू नका. गाजर गवत उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पुरळ जात नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास अडकत असेल किंवा ओठ-चेहरा सुजत असेल, तर कुठलंही तेल शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

झाडात औषध असू शकतं, यावर भाऊ दाजींचा विश्वास होता, आणि कडूकवठाच्या बाबतीत तो पुढे बराचसा खरा ठरला. पण त्यांनी काय दिलं, किती दिलं आणि कुणाला गुण आला नाही, हे त्यांच्या हयातीत सगळ्यांसमोर आलं नाही. पुढच्या डॉक्टरांना ते पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागलं. रीलमधलं तेल विकत घेण्याआधी तोच हिशेब विचारा : हे कुणी तपासलं, किती माणसांवर, आणि ते कुठे लिहून ठेवलंय?