ट्रेंच टाऊनच्या पोरांचा गायक

रेगे म्हटले की बॉब मार्लेचे नाव ओठांवर येते. परंतु त्याचे पहिले गाजलेले गाणे रेगे नव्हते. ते होते द्रुत लयीच्या ‘स्का’ संगीतातले, आणि त्याचा विषय होता किंग्स्टनच्या रस्त्यांवरील तरुणांचा संताप.

रॉबर्ट नेस्टा मार्ले ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकातील नाइन माइल या खेड्यात जन्मला. गोरे वडील संसारापासून दूरच राहिले. कृष्णवर्णीय आई सेडेला हिनेच त्याला वाढवले आणि राजधानीतील ट्रेंच टाऊन या गरीब वस्तीत आणले. पोटासाठी तो वेल्डिंग शिकला. बालमित्र बनी लिव्हिंगस्टनसह त्याने जो हिग्ज यांच्याकडे सुरांचे धडे गिरवले. पीटर टॉशही येऊन मिळाला आणि ‘वेलर्स’ हा संच उभा राहिला.

ऑगस्ट १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला, पण खेड्यांतून शहरात लोटलेल्या तरुणांच्या हातांना काम नव्हते. ऐटीत वावरणारी, चाकू बाळगणारी, नाचाचे जलसे उधळणारी ही पोरे ‘रूड बॉय’ म्हणून ओळखली जात. त्यांनाच उद्देशून मार्लेने ‘सिमर डाऊन’ रचले. क्लेमेंट डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे १९६४ च्या आरंभी जमैकात अग्रस्थानी पोहोचले. माथी थंड ठेवा, नाहीतर परिणाम भोगाल, असा त्याचा आशय. हा उपदेश धर्मगुरूचा वा पोलिसाचा नव्हता. त्याच गल्लीतल्या, जेमतेम एकोणीस वर्षांच्या मुलाचा होता. म्हणूनच तो ऐकला गेला. पुढे ‘वेलर्स’नी याच पोरांची बाजू मांडणारी गाणीही गायिली.

रस्ता मात्र निवला नाही. टोळ्या राजकीय पक्षांच्या आश्रयाला गेल्या, चाकूंची जागा बंदुकांनी घेतली. ३ डिसेंबर १९७६ रोजी मार्लेच्या घरातच त्याच्यावर गोळीबार झाला. दोनच दिवसांनी जखमी मार्ले रंगमंचावर उभा राहिला. २२ एप्रिल १९७८ च्या शांतता मैफलीत त्याने मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सीगा या प्रतिस्पर्धी नेत्यांचे हात एकत्र गुंफले. पण ज्या दोन टोळीप्रमुखांनी या मैफलीसाठी पुढाकार घेतला होता, ते दोघेही १९८० पर्यंत गोळ्यांना बळी पडले.

११ मे १९८१ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने मार्लेचे निधन झाले. जगाने त्याला रेगेचा सम्राट मानले. ट्रेंच टाऊनसाठी मात्र तो आपल्याच भावंडांना आवरू पाहणारा मुलगा होता.