नबाबाचे रान

काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसणाऱ्यांची पाठ बहुधा डोंगराकडे असते. त्या डोंगरातले फणसाडचे रान टिकले ते जंजिऱ्याच्या नबाबांच्या शिकारीच्या हौसेपायी. ही गोष्ट मला नेहमीच थोडी अवघड वाटत आली आहे.

सर सिद्दी अहमद खान यांचा जन्म १८६२ चा. वडील इब्राहिम खान १८७९ मध्ये वारले तेव्हा हे जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे. मुरूडला समुद्राकाठी राजवाडा, डोंगरात शिकारीचे राखीव रान. ते राखले जनावरांसाठी नव्हे, बंदुकीसाठी. गावकऱ्यांच्या वाट्याला मज्जाव आला.

त्यांच्या हयातीतच बंदुकीची विद्या पालटली. काळ्या दारूच्या दिवसांत गोळीला वेग यावा म्हणून नळी लांब लागे. १८९० च्या सुमारास बिनधुराची दारू आली आणि हा आग्रह सैल झाला. फणसाडसारख्या दाट रानात त्याला महत्त्व होते. वेलींच्या गुंत्यात लांब नळी अडकते. पाणवठ्याला इथे गाण म्हणतात. तिथे जनावर येते ते फार तर तीस-चाळीस पावलांवर. तेव्हा चटकन वळणारी आखूड नळी बरी. मात्र नळी आखूड झाली की पुढची माशी मागच्या खाचेजवळ येते आणि नेमातली बारीक चूक कळत नाही. मग सांबर मरत नाही, पोटात गोळी घेऊन झाडीत तडफडत राहते. रिव्हॉल्व्हरला हे अधिकच लागू. शिकारीला सहा-सात इंची नळी हवी. पण जखमी बिबळ्या अंगावर आल्यावर ते उपसायचे, तर चार इंचीच. (आमच्या बँकेचा रखवालदार आपली लांब दुनळी दारातून आडवी करूनच आत आणी. दरोडा पडता तर काय, असे मला वाटे!)

नबाबांच्या घरात मात्र वारसाची चिंता होती. नाझली बेगम शिकलेल्या, लिहित्या. १९०८ मध्ये दोघे युरोपही पाहून आले. मूल नव्हते. १९१३ च्या सुमारास दोघे विभक्त झाले. १९१४ मध्ये दुसऱ्या बेगम कुलसूम यांना मुलगा झाला. १९२२ मध्ये नबाब वारले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आणि १९३३ पर्यंत कारभार आईनेच पाहिला. एका बाईचे घर मोडून वारस मिळाला, आणि राज्य दुसरीने सांभाळले.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९७२ च्या कायद्याने शिकारीचे दिवस संपले, १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य झाले. सुपेगावकडून आत शिरलात तर शेकरूची घरटी दिसतील. फणसाडची गाण, चिखलगाण, नावे अजून तीच आहेत.