नर्स, समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या या बाईंमुळं कळतं, चांगलं हॉस्पिस ओळखायचं कसं

घरातलं एखादं माणूस कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात असलं की एक दिवस असा येतो, डॉक्टर घरच्यांना बाजूला घेतात आणि सांगतात की आता पेशंटला घरी घेऊन जा, जे मागतील ते खायला द्या.

डिस्चार्ज कार्ड हातात येतं, पण पुढं करायचं काय हे कुणीच सांगत नाही. रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर फोन कुणाला करायचा?

अशा वेळी कुणीतरी ओळखीचं हॉस्पिसचं नाव सुचवतं. हॉस्पिस म्हणजे अशी जागा जिथं आजार बरा करायचा प्रयत्न थांबलेला असतो, पण पेशंटचा त्रास कमी करायचे उपचार जोरात चालू असतात. ही सेवा काही ठिकाणी घरी येऊनही दिली जाते. या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

पण मग पुढचा प्रश्न येतो. ही जागा चांगली आहे हे ओळखायचं कसं? किती पेशंट बरे झाले हा हिशोब इथं चालत नाही. चकचकीत इमारत, एसी रूम, भिंतीवरचे फोटो यावरून काही कळत नाही. आणि एकदा निवड चुकली की दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

याचं उत्तर एका ब्रिटिश बाईंच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव सिसली सॉन्डर्स. आज जगभरात ज्याला हॉस्पिस म्हणतात त्याचा पाया या बाईंनी घातला.

२२ जून १९१८ ला लंडनच्या उत्तरेला बार्नेटमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील जमीनजुमल्याच्या व्यवहारातले, घरात पैशाला कमी नव्हती. पण आईवडिलांचं पटत नव्हतं. सिसली उंच, लाजाळू आणि शाळेत एकट्या पडलेल्या. पुढं ऑक्सफर्डला शिकायला गेल्या आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं.

देशात युद्ध पेटलेलं असताना पुस्तकं वाचत बसणं त्यांना पटेना. १९४० मध्ये त्यांनी कॉलेज सोडलं आणि लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या नाइटिंगेल स्कूलमध्ये नर्सिंग शिकायला गेल्या. काम मनापासून आवडलं, पण पाठीनं दगा दिला. पेशंट उचलणं, तासन्‌तास उभं राहणं जमेना. नर्सिंग सुटलं. मग त्यांनी राहिलेली डिग्री पूर्ण केली आणि हॉस्पिटलमधल्या समाजसेविका झाल्या.

याच कामात १९४७ मध्ये त्यांना डेव्हिड तास्मा भेटला.

तास्मा वॉर्साहून आलेला पोलिश ज्यू. वय चाळीसच्या आसपास, लंडनमध्ये वेटरचं काम करायचा. ऑपरेशन होण्यापलीकडं गेलेला कॅन्सर आणि इंग्लंडमध्ये जवळचं कुणी नाही. सिसली त्याला भेटायला जाऊ लागल्या. गर्दीच्या वॉर्डात त्याच्या खाटेशेजारी बसून दोघं बोलत राहायचे. आपण जगून गेलो याची काही खूणच मागं राहणार नाही, ही त्याची खंत होती. त्यातूनच एक कल्पना पुढं आली. अशा माणसांसाठी वेगळी जागा असली तर? जिथं दुखणं थांबवणारं कुणी असेल आणि ऐकून घेणारंही.

फेब्रुवारी १९४८ मध्ये तास्मा गेला. जाताना सिसलींच्या नावे ५०० पौंड ठेवून गेला. त्या घराची एक खिडकी माझी असेल, एवढीच त्याची इच्छा. तेव्हा घर तर सोडाच, जागेचाही पत्ता नव्हता.

यानंतर सिसली संध्याकाळच्या वेळी लंडनच्या बेजवॉटर भागातल्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून विनामोबदला काम करू लागल्या. तिथं त्यांनी जे पाहिलं त्यानं पुढचं सगळं बदललं.

त्या काळात बाकीच्या हॉस्पिटलांत मॉर्फिन द्यायची पद्धत अशी होती की पेशंट कळवळायला लागला की इंजेक्शन द्यायचं. व्यसन लागेल या भीतीनं डॉक्टर हात आखडता घ्यायचे. म्हणजे पेशंटनं आधी दुखणं सोसायचं, मग औषध मागायचं आणि मग नर्स येईपर्यंत वाट बघायची. ते उतरलं की पुन्हा तेच. दुखत नसतानाही पुढच्या कळेची भीती असायचीच.

सेंट ल्यूक्समध्ये मात्र मॉर्फिन तोंडानं दिलं जायचं आणि घड्याळ बघून, दर चार तासांनी. आधीच्या डोसचा परिणाम संपायच्या आत पुढचा डोस. दुखणं डोकं वर काढायच्या आधीच दाबलं जात असल्यामुळं पेशंट जागे असायचे, बोलायचे, जेवायचे.

सिसलींना हे सगळीकडं न्यायचं होतं. पण समाजसेविकेचं कोण ऐकणार? त्या ज्यांच्यासोबत काम करत होत्या ते सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना सरळ डॉक्टर व्हायचा सल्ला दिला. मरणाऱ्या पेशंटकडं पाठ फिरवतात ते डॉक्टरच, त्यामुळं बदल घडवायचा तर त्यांच्यातलंच एक होऊन घडवावा लागेल, असा त्याचा अर्थ.

१९५१ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी सिसली मेडिकल कॉलेजात गेल्या. १९५७ ला डॉक्टर झाल्या.

१९५८ पासून पुढची सात वर्षं त्यांनी पूर्व लंडनच्या हॅकनीतल्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये काम आणि संशोधन केलं. हे हॉस्पिस आयरिश नन चालवायच्या. मायेला तिथं तोटा नव्हता. पण औषधाला वेळापत्रक नव्हतं आणि पेशंटच्या नोंदी जेमतेम होत्या. नुसत्या मायेनं हाडातलं दुखणं थांबत नाही, हे सिसलींना माहीत होतं.

त्यांनी घड्याळाप्रमाणे औषध सुरू केलं. प्रत्येक पेशंटला काय दुखतंय, किती दुखतंय, कोणत्या डोसनं थांबतंय हे लिहून काढलं. पेशंटचं बोलणं टेपवर घेतलं. एक हजाराहून जास्त पेशंटच्या नोंदी जमल्या. वेळेवर आणि योग्य प्रमाणात मॉर्फिन दिलं तर माणूस व्यसनी होत नाही आणि डोसही सारखा वाढवत न्यावा लागत नाही, हे त्या नोंदींमधून दिसलं.

इथंच एका पेशंट बाईला त्यांनी विचारलं की काय त्रास होतोय. बाईंनी सुरुवात पाठीपासून केली, पण मग सांगत गेल्या की आता सगळंच बिघडल्यासारखं वाटतंय. नवरा आणि मुलगा खूप करतात, पण त्यांचे कामाचे खाडे होतात, पगार बुडतो. सगळं जग आपल्या विरोधात आहे असं वाटतं.

एका प्रश्नाला आलेल्या या उत्तरात शरीर, मन, पैसा, घर सगळं होतं. यातून सिसलींनी संपूर्ण वेदना ही कल्पना मांडली. दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, घरादाराचं असतं आणि आपण का जगलो या प्रश्नाचंही असतं. यातलं एकच बघणारा उपचार अर्धवट.

दुसरीकडं पैसे जमवणं चालूच होतं. शेवटी १९६७ मध्ये दक्षिण लंडनच्या सिडनहॅममध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. ५४ खाटा. सेंट क्रिस्टोफर हे प्रवाशांचे संत, म्हणून हे नाव. तास्माच्या ५०० पौंडांपासून इथवर यायला १९ वर्षं लागली. त्याची खिडकी आजही तिथं आहे.

सिसली स्वतः कट्टर श्रद्धाळू ख्रिश्चन होत्या, पण हॉस्पिसचं दार सगळ्या धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांसाठी उघडं ठेवलं. लहान मुलांनाही आजी-आजोबांना भेटता यायचं. १९६९ पासून इथल्या नर्स पेशंटच्या घरी जायला लागल्या, कारण बऱ्याच लोकांना शेवटचे दिवस आपल्याच घरात काढायचे होते.

इथपर्यंतची स्टोरी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. आपल्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुढच्या भागात आहे.

झालं असं की सिसलींनी स्वतःच्याच कामाची परीक्षा घ्यायला बाहेरून माणसं आणली.

पहिले डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस. इंग्लंडमध्ये हेरॉईन औषध म्हणून कायदेशीर होतं आणि ते मॉर्फिनपेक्षा सरस आहे असं सिसलींचं मत होतं. १९७१ मध्ये आलेल्या ट्वायक्रॉस यांनी दोन्हींची रीतसर तुलना केली. निष्कर्ष निघाला की तोंडानं, वेळेवर आणि योग्य डोसमध्ये दिलं तर दोन्हींत सांगण्यासारखा फरक नाही. म्हणजे संस्थापक बाईंचंच मत चुकीचं ठरलं. त्यांनी ते मान्य केलं आणि हॉस्पिसमध्ये मॉर्फिन वापरात आलं. याचा फायदा जगाला झाला, कारण बहुतेक देशांत हेरॉईन औषध म्हणून मिळतच नव्हतं, मॉर्फिन मिळू शकत होतं.

दुसरे मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरी पार्क्स. पेशंट गेल्यावर उत्तर कोण देणार? म्हणून त्यांनी मागं राहिलेल्या नवऱ्यांना आणि बायकांना गाठलं. सेंट क्रिस्टोफर्समध्ये गेलेल्यांची आणि इतर हॉस्पिटलांत गेलेल्यांची तुलना केली. पहिल्या वर्षांत हॉस्पिसमधल्या पेशंटना दुखणं कमी होतं असं दिसलं. दहा वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा हा फरक बराच मिटलेला होता, कारण हॉस्पिटलंही दुखणं थांबवायला शिकली होती. घरच्यांना मिळणाऱ्या आधारात मात्र हॉस्पिस अजूनही पुढं होतं.

स्वतःची आघाडी कमी झाल्याचा निकाल खरं तर त्यांच्या कामाचं यश होतं.

पुढं सिसलींना डेम हा किताब मिळाला, १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला. इच्छामरणाला त्यांचा विरोध होता आणि त्यावरून टीकाही झाली. दुखणं नीट थांबवलं तर मरण मागायची वेळ बहुतेकांवर येणार नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. १९८० मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी पोलिश चित्रकार मारियान बोहुश-शिश्को यांच्याशी लग्न केलं. १९९५ मध्ये ते सेंट क्रिस्टोफर्समध्येच गेले.

त्यानंतर दहा वर्षांनी, १४ जुलै २००५ ला, स्तनाच्या कॅन्सरनं सिसली सॉन्डर्स गेल्या. वय ८७. आपणच उभ्या केलेल्या हॉस्पिसच्या खाटेवर, तिथल्याच नर्सच्या हातून औषध घेत. चालवणाऱ्या माणसाला स्वतःचे शेवटचे दिवस तिथं काढावेसे वाटणं, ही त्या जागेची सगळ्यात मोठी पावती.

हे वारं आपल्याकडंही आलं. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, ते भारतातलं पहिलं हॉस्पिस मानलं जातं. गोव्यात लोटली इथंही त्यांची शाखा आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट केलं की अनेक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलून नियम सोपे झाले, तरी सगळीकडं ते मिळेलच असं नाही.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा सिसलींच्या आयुष्यातून आलेले हे प्रश्न सोबत न्या.

- मॉर्फिन इथं मिळतं का? औषध घड्याळाप्रमाणे देतात की पेशंटनं मागितल्यावर?
- दुखणं किती आहे हे रोज विचारून लिहून ठेवतात का? ती नोंद घरच्यांना बघता येते का?
- रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी त्रास वाढला तर निर्णय कोण घेतं?
- पेशंटची भीती, घरातले पैशाचे प्रश्न, राहून गेलेलं बोलणं यासाठी कुणी आहे का?
- घरच्यांना, लहान मुलांना थांबता येतं का? घरी येऊन सेवा देतात का?
- धर्माच्या बाबतीत सक्ती तर नाही ना?
- माणूस गेल्यावर घरच्यांची विचारपूस करतात का, आणि आमचं काय चुकलं हे विचारतात का?

शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं तर ती जागा स्वतःला तपासते असं समजा. उत्तराऐवजी इमारत दाखवायला लागले, तर अजून एखादी जागा बघून या.