सहाव्यांदा यश : ॲबिगेल स्कॉट डनिवे

तुम्ही अठरा वर्षांचे झालात की मत द्याल. मुलगा असो की मुलगी, मत सगळ्यांनाच देता येतं. पण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बायकांना मत देता येत नव्हतं. हे बदलावं म्हणून ज्या बायका झटल्या, त्यांतल्या एकीची ही गोष्ट आहे. ती शिक्षिका होती, दुकानदार होती आणि संपादकही होती.

ॲबिगेलचा जन्म २२ ऑक्टोबर १८३४ रोजी इलिनॉय राज्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. मुलगी झाली म्हणून आईला फार वाईट वाटलं होतं. बाईच्या वाट्याला किती कष्ट येतात, हे ती माउली रोज भोगत होती. तिला बारा मुलं झाली. घरात काम इतकं असे, की ॲबिगेलला शाळेत सलग शिकायला मिळालंच नाही. जे हाती येईल ते वाचून ती शिकली.

१८५२ मध्ये वडिलांनी ठरवलं, पश्चिमेला ऑरेगनला जायचं. तिथे वस्ती नुकतीच वाढत होती. मूळ रहिवासी त्या मुलखात पिढ्यानपिढ्या राहत होते, पण सरकार तिथली जमीन नव्या लोकांना देत होतं. वाट दोन हजार मैलांची! कापडी छताच्या गाड्या, पुढे बैल, धूळ आणि नद्या. रोजची हकिगत लिहून ठेवायचं काम वडिलांनी सतरा वर्षांच्या ॲबिगेलला दिलं. त्याच वहीत तिला आईचा मृत्यू लिहावा लागला. आई वाटेत कॉलऱ्याने गेली. पुढे धाकटा भाऊ विलीही गेला.

ऑरेगनला पोहोचल्यावर ॲबिगेल एका खेड्यातल्या शाळेत शिकवू लागली. १८५३ मध्ये तिचं बेन डनिवेशी लग्न झालं. दोघं शेती करू लागले.

बेन स्वभावाने चांगला होता, पण भोळा. एका मित्राच्या कर्जाला तो जामीन राहिला. ॲबिगेलला हे पसंत नव्हतं, पण तिचं चाललं नाही. मित्राने कर्ज फेडलं नाही आणि यांची शेती गेली. गंमत बघा, सही करताना बायकोला कुणी विचारलं नव्हतं, पण पैसे मागणारी नोटीस मात्र तिच्याच हातात आली!

पुढे बेन गाडीच्या अपघातात जायबंदी झाला. आता घर कोण चालवणार? ॲबिगेलने लफायेट गावात शाळा काढली. बाहेरगावच्या मुली तिच्याच घरी राहायच्या. पहाटे तीन-चारला उठून ती घरकाम उरकायची आणि मग दिवसभर शिकवायची. नंतर आल्बनी गावात तिने बायकांच्या टोप्यांचं दुकान टाकलं.

दुकानात येणाऱ्या बायका आपली दुःखं सांगत. कुणी लोणी विकून पैसे साठवले, तर ते नवऱ्याने घेतले. आणि कायदा नवऱ्याच्याच बाजूने! ॲबिगेलने हे बेनला सांगितलं. बायकांना मत मिळेपर्यंत हे असंच चालणार, असं बेनचं म्हणणं पडलं. ते तिला पटलं.

१८७१ मध्ये ती पोर्टलंडला आली आणि तिने ‘न्यू नॉर्थवेस्ट’ हे साप्ताहिक सुरू केलं. मुलं छपाईला मदत करायची. त्याच वर्षी सुसान अँथनी पूर्वेकडून आल्या. दोघींनी गावोगाव भाषणं केली. ॲबिगेल पुढेही फिरत राहिली. एका गावात लोकांनी तिच्यावर अंडी फेकली. सख्खा भाऊ हार्वी ‘ऑरेगोनियन’ या मोठ्या वृत्तपत्राचा संपादक होता, पण तोही विरोधात! दारूबंदी आणि मताधिकार हे विषय एकत्र करू नका, असं ती सांगायची. त्यामुळे काही कार्यकर्त्या बायकाही तिच्यावर रागावल्या.

ऑरेगनमध्ये मताधिकारावर पुरुषांनी मतदान केलं १८८४ मध्ये. हार. मग १९००, १९०६, १९०८, १९१०. पुन्हा हार. शेजारच्या आयडाहोत मात्र १८९६ मध्ये जिंकलं, तिथेही तिने काम केलं होतं. शेवटी १९१२ मध्ये, सहाव्यांदा, ऑरेगनमध्ये यश आलं. ॲबिगेल तेव्हा ७८ वर्षांची होती, आजारी होती. गव्हर्नरांनी अधिकृत जाहीरनामा तिलाच लिहायला सांगितला. ज्या बाईला कर्जाच्या कागदाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, तिच्या अक्षरात राज्याचा कागद लिहिला गेला आणि त्यावर तिची सहीही झाली.

११ ऑक्टोबर १९१५ रोजी ती गेली. सगळ्या देशात बायकांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० मध्ये झाली. तरीही काम पुरं झालं नव्हतं. सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व १९२४ मध्ये मिळालं. चीनहून आलेल्यांना नागरिक होण्याची वाट १९४३ पर्यंत बंदच होती.

शब्दार्थ
झटणे – खूप मेहनत करणे
जामीन राहणे – दुसऱ्याच्या कर्जाची जबाबदारी घेणे
जायबंदी – जबर जखमी, काम करू न शकणारा
मताधिकार – मत देण्याचा हक्क

विचार करा आणि बोला
१. शेती गेली, त्यात ॲबिगेलला काय अन्यायाचं वाटलं असेल?
२. पाच वेळा हरल्यावर तुम्ही काय केलं असतं?
३. तुमच्या आजीला किंवा पणजीला विचारा : त्यांनी पहिल्यांदा मत कधी दिलं?